डॉक्टर मॅडम एक नंबर

आमच्या लेआउटने, म्हणजे अख्ख्या वसाहतीने, एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर डॉक्टर मॅडमना नागपुरातली सर्वांत वाईट डॉक्टर करून टाकलं. हे आम्ही कृतज्ञतेपोटी केलं. कल्पना माझी होती.

मी जनसंवाद हा विषय घेऊन बीए करते, दुसरं वर्ष. (हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे सांगायची हिंमत राहणार नाही.) आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. त्यामुळे घरी आणि शेजारीपाजारी असा समज आहे की जे जे मोबाइलमधलं, बँकेतलं, सरकारी किंवा इंग्रजी असेल, ते प्रणालीला, म्हणजे मला, येतं. मलाही हळूहळू तसं वाटायला लागलं होतं. चूक बहुतेक तिथूनच सुरू झाली.

माझी आई हुडकेश्वरला मॅडमच्या दवाखान्यात काम करते. दवाखाना म्हणजे भाड्याचा एक गाळा, मधे पडदा, पडद्याच्या आत मॅडम आणि बाहेर आई. आई केसपेपर लिहिते, फरशी पुसते, आणि लस घेताना रडणारी पोरं धरते. त्याआधी ती चार घरी पोळ्या करायची. ही तिची पहिली नोकरी, जिथे तिला बसायला स्वतःची खुर्ची होती. पहिल्या दिवशी घरी आल्यावर ती खुर्चीबद्दलच बोलली. हात टेकायला जागा आहे म्हणाली, आणि मागे गादी पण आहे म्हणाली.

अडचण एकच होती. मॅडम विनाकारण सुई देत नसत.

हे बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. पण आमच्याकडे सुई दिली नाही तर दवाखान्यात जाऊन आल्यासारखंच वाटत नाही. मॅडम पेशंटला नीट तपासत, पाच प्रश्न विचारत, कूलरमधलं पाणी काढलं का तेही विचारत, आणि म्हणत, "साधा ताप आहे. आराम करा, पाणी प्या, तीन दिवसांनी दाखवा." पेशंट तसाच बसून राही.

"झालं?"

"झालं."

"सुई?"

"गरज नाही."

"मंग सलाईन तरी?"

"त्याचीही नाही."

पेशंट बाहेर येऊन आईला हळूच विचारी, "शोभाबाई, मॅडम नवीन हाये काय? सुई द्याले भेते वाटते."

पेशंट कमी होत गेले. शेवटी मॅडम आईला म्हणाल्या, "शोभाताई, दिवाळीपर्यंत बघू. असंच राहिलं तर मी गाळा सोडते. एका हॉस्पिटलमध्ये मला जागा आहे." त्या संध्याकाळी आई लसूण सोलत बसली होती. आम्हाला लागतो त्याच्या चौपट सोलला, आणि मग म्हणाली, "खुर्ची जाते वाटते."

मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला काहीतरी शिकलेलं आठवतं.

"आई, आजकाल लोक डॉक्टरकडे जायच्या आधी मोबाइलवर पाहतात. नकाशात दवाखान्याच्या नावाखाली स्टार असतात. ज्याला जास्त स्टार, त्याच्याकडे जातात."

"आपल्या मॅडमले किती हायेत?"

"एकही नाही. कोणी दिलेच नाहीत."

"म्हणजे बोहनीच नाही झाली," बाबा म्हणाले. बाबा मालवाहू ऑटो चालवतात, त्यांना हा मुद्दा लगेच कळला. "मंग देऊन टाका ना स्टार. आपल्या लेआउटमंधल्या अर्ध्या लोकायले तर तिनंच बरं केलं."

हे खरं होतं. बेबीकाकूंचं बीपी, समोरच्या घरातल्या सुनेच्या सासूचा दमा, ढोमणे गुरुजींचे गुडघे, सगळं मॅडमनीच ताळ्यावर आणलं होतं. ही सगळी माणसं मॅडमचं कौतुक करत होती, पण आपापल्या ओट्यावर बसून. ते कौतुक फक्त योग्य माध्यमात आणायचं होतं. (असं मी तेव्हा वहीत लिहिलंसुद्धा होतं. ते पान नंतर फाडलं.)

रविवारी मी लेआउटच्या ग्रुपवर संदेश टाकला. तो असा होता: "सर्वांना नमस्कार. आपल्या डॉक्टर मॅडम एक नंबर आहेत हे आपल्याला माहीत आहे, पण जगाला माहीत नाही. तरी कृपया सर्वांनी खालच्या लिंकवर जाऊन मॅडमना एक नंबर स्टार द्यावेत व दोन शब्द लिहावेत. आपली नम्र, प्रणाली."

पाठवण्याआधी मी तो तीनदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. 'कृपया' दोनदा तपासलं. 'एक नंबर' तपासायचं मला सुचलं नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काय आहे? नागपुरात तर्री-पोहे एक नंबर असतात, कूलरची हवा एक नंबर असते, भाच्याचं लग्न एक नंबर होतं. कोणी मोजायला बसत नाही.

अर्ध्या तासात ग्रुप भरून गेला. "दिले." "मी बी दिले." "आमच्या ह्यायच्या मोबाइलवरून बी दिले." बेबीकाकूंनी तर आपल्या तिन्ही मुलांना उठवून द्यायला लावले. मी आईला म्हटलं, आपली माणसं किती चांगली आहेत. आईचे डोळे भरून आले. माझेही आले असतील, नक्की आठवत नाही.

संध्याकाळी मी ॲप उघडलं. मॅडमच्या नावाखाली लिहिलं होतं: १.१.

आधी मला वाटलं इंटरनेटचा दोष असेल. मग खाली गेले. एक स्टार. एक स्टार. एक स्टार. लेआउटमधल्या प्रत्येक घरातून एकेक स्टार आला होता. पाच स्टार देणारी मी एकटीच होते. तो दशांश माझा होता.

पण खरा धक्का खालच्या मजकुराचा होता. मजकूर सगळा स्तुतीचा होता. मात्र एका स्टारखाली स्तुती कशी दिसते, याचा मी आधी कधी विचार केला नव्हता.

बेबीकाकू, एक स्टार: "तीन मिनिटात मोकळं केलं. जादा काही बोललीच नाही."

समोरची सून, एक स्टार: "माझी सासू आठ दिवसात पूर्ण बरी झाली." खाली हात जोडल्याचं चित्र.

ढोमणे गुरुजी, एक स्टार: "एकही सुई दिली नाही. एकही टेस्ट सांगितली नाही. म्हणाल्या, रोज चाला. घरी पाठवून दिले."

आणि बाबा, एक स्टार: "माझी बायको येथेच असते. घरी शांतता आहे."

"बाबा, तुम्ही एक काहून दिला?"

"तूच तं लिहिलं, एक नंबर द्या म्हणून."

"अहो, एक नंबर म्हणजे मस्त. पाच स्टार म्हणजे मस्त."

बाबांनी विचार केला. "पाचवा नंबर मस्त असते होय? शाळेत तू पाचवी आली होती तं रडली होती."

रडले होते, हे खरं आहे.

सोमवारी आई दवाखान्यात गेली तेव्हा मॅडम फोन हातात घेऊन बसल्या होत्या. "शोभाताई, ही सगळी तुमच्याच लेआउटची माणसं आहेत ना? बेबीताईंचं बीपी तर आत्ताच आटोक्यात आलं. मी त्यांना लागेल असं काही बोलले का?"

आई दूधवाल्याशी खोटं बोलू शकते, मॅडमशी नाही. ती म्हणाली, "मॅडम, ते प्रेम हाये."

मॅडमनी फोनकडे पाहिलं. "प्रेम," त्या म्हणाल्या, आणि फोन उलटा ठेवला.

दुपारी आई घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. "आजच्या आज दुरुस्त कर. मी मॅडमले सांगून आली, काळजी करू नका, माझी पोट्टी कॉलेजात हेच शिकून राहिली."

"आई, ते सांगायला नको होतं."

"आता सांगतलं."

मी घरोघरी निघाले. पहिलं घर बेबीकाकूंचं. काकू स्वयंपाकघरात होत्या.

"पाच? एवढी चांगली मॅडम अन् तिले पाचव्या नंबरवर टाकू? पाप लागन वं मले."

"काकू, हे शाळेतल्या नंबरासारखं नाही. हे वाढण्यासारखं आहे. एक पोळी वाढली की पाच पोळ्या वाढल्या, असं."

हे मात्र त्यांना पटलं. "मंग आधी नाही का सांगाचं? मी तं मॅडमले उपाशीच उठवलं." त्यांनी लगेच फोन घेतला, एकाचे पाच केले, आणि टाइप करता येत नाही म्हणून फोनमध्ये बोलून मजकूरही नवा लिहिला. मी पुढच्या घरी पळाले. तो मजकूर मी वाचून घेतला नाही. जनसंवादात पहिल्या वर्षी शिकवतात की प्रसिद्धीपूर्वी मजकूर वाचावा. मला त्या धड्यात चांगले गुण होते.

काकूंचा नवा मजकूर, पाच स्टार: "आधी एक दिला होता शोभाची पोट्टी घरी आली होती तिनं सांगतलं म्हणून पाच केले गॅस बंद कर वं दूध चाललं."

काकूंनी हे लिहिलेलं पाहून बाकीच्यांनीही तसंच लिहिलं. म्हणजे कारण द्यावं लागतं असा त्यांचा समज झाला. "मुलगी आली होती म्हणून पाच केले." "दारात उभी होती, नाही म्हणता आलं नाही." "पोरीचा चेहरा पाहवला नाही." बाबांनी पाच केले आणि खाली लिहिलं, "घरून दबाव आहे."

राहिले ढोमणे गुरुजी. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोळ्यांचा दाखलासुद्धा ऐकला.

"बेटा, मी जन्मभर निकाल लावले. सरपंचाचं पोट्टं असो का माझं स्वतःचं असो, पहिल्या नंबराले पाचवा मी कधी केला नाही."

"गुरुजी, पण इथे पाचच पहिला आहे."

"तू आज म्हणून राहिली पाच पहिला. उद्या कोणी येऊन म्हणन पन्नास पहिला. माणसानं एक काहीतरी धरून राहावं." आणि त्यांनी मला चहा पाजला. चहा चांगला होता. स्टार एकच राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या बातम्यांच्या एका पानावर (ते पान कोण चालवतं माहीत नाही, पण पाणी कधी येणार हे तिथे सगळ्यांच्या आधी कळतं) मॅडमच्या दवाखान्याचे फोटो आले. म्हणजे मोबाइलच्या पडद्याचे फोटो. एका बाजूला जुने एक स्टार, दुसऱ्या बाजूला नवे पाच. वर मथळा: "हुडकेश्वरात हे काय चाललंय? पोरगी घरोघरी फिरून वाढवते डॉक्टरचे स्टार!"

'पोरगी' म्हणजे मी. बातमीत येण्याची माझी ही पहिली वेळ.

अशा वेळी गप्प बसावं, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं, किंवा कदाचित गप्प बसू नये असं सांगितलं होतं. मला गोंधळात नेमकं आठवेना. मी बातमीखाली लिहिलं: "सदर वृत्त पूर्णतः निराधार असून त्यातून जनमानसात गैरसमज पसरण्याची शक्यता आहे. तरी वाचकांनी विश्वास ठेवू नये."

इतकी चांगली मराठी पाहून लोकांना खात्रीच पटली. "पाहा, डॉक्टरची माणसं आली." "पगारी दिसते." "कोण्या मोठ्या हॉस्पिटलचा डाव हाये हा." मी आणखी एक खुलासा लिहिला, त्यात 'वस्तुस्थिती' हा शब्द दोनदा वापरला. त्यावर हसरे चेहरे आले, माझ्या आजवरच्या कुठल्याही लिखाणावर आले नव्हते इतके.

मग माझी बाजू घेण्यासाठी बाबा मैदानात उतरले. ऑटो कळमना बाजारात उभा करून त्यांनी लिहिलं: "ती पगारी नाही. ती माझी मुलगी आहे. पगारी तिची आई आहे. ती तिथेच कामाला आहे."

यानंतर त्या पानावर आमच्या बाजूने कोणी बोललं नाही.

दोन दिवसांनी ॲपनेही आपला निर्णय दिला. एकाच लेआउटमधून, एकाच दुपारी बदललेले सगळे पाच स्टार त्याला बनावट वाटले आणि त्याने ते काढून टाकले. माझाही काढला. उरला फक्त ढोमणे गुरुजींचा एक. एवढ्या मोठ्या यंत्रणेला आमच्या अख्ख्या लेआउटमध्ये एकटे गुरुजी प्रामाणिक वाटले.

मॅडमच्या नावाखाली आता लिहिलेलं होतं: १.०. दशांशही गेला होता.

त्या आठवड्यात दवाखान्यात दोनच पेशंट आले, त्यातला एक पत्ता विचारायला आला होता. मॅडमनी आईला सांगितलं की महिना संपला की त्या गाळामालकाशी बोलतील. आईने घरी येऊन हे सांगितलं आणि स्वयंपाकाला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ओळखीच्या एका घरी पोळ्यांचं काम आहे का म्हणून फोन केला, तो मी भिंतीच्या या बाजूने ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. कबुलीजबाब लिहूनच नेला होता. वाचायला सुरुवात केली तशी मॅडमनी हात वर केला.

"प्रणाली, तुला लोकांना नेमकं काय सांगायचं होतं?"

"की तुम्ही चांगल्या डॉक्टर आहात."

"मग तसं का नाही लिहिलंस?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली. "मॅडम, ते मला सुचलं नाही."

मॅडम हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला. एक बाई एका म्हाताऱ्या बाईला धरून आत आल्या. हातात मोबाइल होता.

"त्या सुई न देणाऱ्या मॅडम इथंच बसतेत काय?"

आई खुर्चीतून उठली. तिचा संयम त्या आठवड्यात संपलेला होता. "गरज असली तं देते. उगाच काहीबाही ऐकून—"

"नाही वं ताई, देत नाही तेच पाह्यजे मले." बाईंनी सासूला बाकावर बसवलं. "आम्ही बेसा गावावरून आलो. तिकडं सासूबाईले जिथं नेलं तिथं आत पाय ठेवला का सलाईन, अन् बाहेर निघालं का टेस्टचा कागद. मी त्या बातमीत हे वाचलं." त्यांनी मोबाइल पुढे केला. ढोमणे गुरुजींचा मजकूर. एकही सुई नाही, एकही टेस्ट नाही, रोज चाला, घरी पाठवून दिले.

"पण एकच स्टार आहे," मी म्हटलं. (मी हे का म्हटलं, मला माहीत नाही.)

"म्हणून तं आली. पाच-पाच स्टारवाले पाह्यले मी. ते आपसातच देतेत. हा म्हातारा चिडून लिहून राहिला, म्हणजे खरं असन."

आई माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, कारण गैरसमज दूर करणं हे माझं कर्तव्य आहे असं मला वाटलं. आईने माझा दंड धरला. अजून थोडा दुखतो.

त्या बाईंनी आपल्या ओळखीत सांगितलं. त्या ओळखींनी आपल्या ओळखीत सांगितलं. हळूहळू बेसा गावातून, हुडकेश्वरच्या पलीकडच्या लेआउटमधून माणसं यायला लागली, आणि बहुतेकांच्या मोबाइलमध्ये गुरुजींचा तो एक स्टार जपून ठेवलेला असे. पडद्याबाहेर एक बाक कमी पडायला लागलं तेव्हा मॅडमनी दुसरं आणलं. आईची खुर्ची तिथेच आहे. गाळामालकाशी मॅडम बोलल्या, पण शेजारचा गाळा रिकामा होतोय का एवढंच विचारायला. आईने पोळ्यांच्या घरी फोन करून नाही सांगितलं. तेव्हा ती खुर्चीतच बसली होती आणि हात टेकलेले होते.

मी मॅडमना विचारलं, आता गुरुजींना परत एकदा समजावून पाहू का. मॅडम पहिल्यांदाच माझ्याशी घाईने बोलल्या. "नको. त्याला हात लावू नकोस. कशालाच हात लावू नकोस."

गुरुजी रोज चालत दवाखान्यावरून जातात, गर्दीकडे पाहतात आणि आईला म्हणतात, "पाह्यलं शोभा? खरा निकाल लावला का पोरगं वर येते."

मला आता शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात मदतीला जावं लागतं. ही शिक्षा आहे की विश्वास, आई सांगत नाही. फोन तिच्याकडे जमा करायचा आणि दारात उभं राहून प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचं: "चपला बाहेर काढा." ते वाक्य आईने निवडून दिलं. तीन शब्दांचं आहे, ह्याचा उलटा अर्थ निघूच शकत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्याच शनिवारी एक आजी आल्या. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या आधीच काढून पिशवीत घातल्या होत्या, पाय अनवाणी होते. मी खाली न बघताच म्हटलं, "आजी, चपला बाहेर काढा."

आजी थांबल्या. त्यांनी पिशवीतून चपला बाहेर काढल्या, पायात घातल्या, आणि पडदा सरकवून आत गेल्या.